मागच्या सीटवरचा उमेदवार

मोटार चालवायला शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यावरचा पाय ते फक्त जेवायला उतरताना काढत. अठरा पूर्ण झालेलं जवळपास प्रत्येक पोर त्यांच्या हाताखालून जायचं आणि गिअर शिकवता शिकवता मास्तर त्याचं डोकं खायचे. "उन्हाळे बघा कसे भाजून काढताहेत! मत द्या, प्रश्न विचारा, गप्प बसू नका!" पोरं माना डोलवायची. स्टिअरिंग हातात असताना वाद कोण घालणार?

घरात मात्र वेगळाच कारभार. लेकीनं तोंड उघडलं की वाक्य मास्तरच पुरं करायचे. त्यामुळे निवडणूक तोंडावर आल्यावर लेक म्हणाली, "मी नाही मत देणार. माझं ऐकतंय कोण?" मास्तरांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी समजावलं, रागावून पाहिलं, एक वेळ जेवलेही नाहीत. लेक ढिम्म.

दुसऱ्या दिवशी लेकीचीच शिकवणी चालू होती. वाटेत एका उमेदवाराची प्रचाराची गाडी बंद पडलेली. त्याला सभेला जायचं होतं. तो हात दाखवून थेट मागच्या सीटवर येऊन बसला. "चल बाळा, जरा लवकर."

शिकवणीत एसी लावायचा नाही, हा मास्तरांचा नियम. रस्त्याच्या पहिल्या भागात झाडं होती म्हणून निभावलं. सावली संपली त्या सिग्नलला लेकीनं क्लच घाईत सोडला आणि गाडी बंद पडली.

"काय हे ऊन!" उमेदवार घाम पुसत म्हणाला.

लेक वळली. "गेल्या वर्षीपर्यंत इथे सावली होती. रस्ता रुंद करायला तुम्हीच झाडं तोडायला लावलीत. उरलेलीही तोडणार का?"

मास्तरांना शिकवणीचं मैदान आठवलं; ते पालिकेचं होतं. उद्या हा पुन्हा निवडून आला, तर ते मैदान याच्याच हातात! सवयीनं त्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी आधीच उभी होती. मग ते घाईनं म्हणाले, "साहेब, तिला असं म्हणायचंय की..."

लेकीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी उरलेलं वाक्य गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल.

"अगं, विकास म्हटला की..." उमेदवारानं सुरुवात केली.

"बदल्यात किती झाडं लावलीत? त्यातली जगली किती?"

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. उमेदवाराचा कडक इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं दार उघडायचा प्रयत्न केला, पण मागची दारं आतून उघडत नसत. भीतीनं मध्येच उतरणाऱ्या पालकांसाठी मास्तरांनीच केलेली ती सोय.

"मास्तर, तुम्ही घ्या हो गाडी!" तो काकुळतीला आला.

मास्तरांना दरदरून घाम फुटला होता, आणि तो काही नुसता उन्हाचा नव्हता. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले.

"घेतो ना साहेब," ते म्हणाले. "तिचं बोलून झालं की लगेच."

मतदानाच्या सकाळी लेक त्यांच्या आधी चप्पल घालून दारात उभी होती. मास्तरांचा ऊर भरून आला. तरी जिना उतरेपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "कुणाला देणार आहेस?"

"बाबा, ते सांगायचं नसतं," लेक म्हणाली आणि पुढे चालू लागली.