तापाची मुळी

गिरगावच्या नाक्यावर तापाची मुळी विकणारा तो सिद्दी रोज दिसे. मुळी झांजिबारहून गलबतातून येई. देण्याआधी तो स्वतः तुकडा चावून तोंड वाकडं करी, म्हणजे विषाची शंका नको. प्लेगच्या त्या दिवसांत माझ्या बायकोला ताप भरला, तेव्हा मीही त्याच्याकडे धावलो.

माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "इसमें जो कडवा है, वोही दवा है. बीमार को मीठी लगे, तो मेरे को मत बुलाना."

घरी तिनं तुकडा चघळला. मी तिचं तोंड कधी वाकडं होतंय ते बघत राहिलो.

"अहो, गोडच आहे की ही!" ती हसून म्हणाली.

उरलेला तुकडा मी घाईघाईनं जिभेवर ठेवला. कडूजहर होता.