अशोकाची परत आलेली तलवार

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळात नाटकातून कोणाचंही मूल वगळता येत नाही, आई-बाबा मनाला लावून घेतात. म्हणून यंदा मी सम्राट अशोक झालो आणि झाडून सगळी पोरं कलिंगच्या युद्धात मेलेले सैनिक. शाळेच्या स्टेजवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेतं एकमेकांना गुदगुल्या करत होती.

मी चिकटवलेली मिशी सांभाळत, हसू दाबत पश्चात्तापाला लागलो. "आता युद्ध नाही, मी बुद्धाला शरण जातो," म्हणत पुठ्ठ्याची तलवार भिरकावली. लगेच पायाशी मरून पडलेली एक चिमुरडी उठली. कोणाची वस्तू पडली की उचलून द्यायची, हे इथे बालवाडीतच अंगात भिनवतात.

"काका, यू ड्रॉप्ड धिस," म्हणत तिनं तलवार माझ्या हातात दिली आणि परत जाऊन नीट मेली.

मी चिडून आणखी लांब फेकली. तिनं पळत जाऊन आणली. प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरायच्या बेतात, माझी मिशी सुटलेली.

मी वाकून कुजबुजलो, "तूच ठेव ना ही."

माईक चालू होता. ती आडवी होत, डोळे मिटून म्हणाली, "नो थँक्स काका, आय ॲम डेड."