जत्रेत गेलेली मुदत

माझा थोरला भाऊ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत थोडक्यात पडला. मोजणीत आमच्या वस्तीची काही मतं उगाचच बाद ठरवली होती आणि ते चाकणच्या बाजारातसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. दादा निवडून आला असता तर वस्तीवर विहीर झाली असती. वहिनी तेव्हा लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायची.

मी पिंपरीला नव्या कारखान्यात होतो. तिथला एक कारकून म्हणाला, निकालाविरुद्ध अर्ज करायला मुदत असते, ती टळली की विषय संपला. माझ्या जिवाला घोर लागला. हात मशीनवर आणि डोकं गावात, असं किती दिवस चालणार? रजा टाकली आणि एसटीने घर गाठलं.

दादा निवांत पालखीचा दांडा पुसत बसला होता. देवाला हळद लागली होती. आमच्याकडे हळद लागल्यापासून जत्रा उरकेपर्यंत कुणी कुणाशी भांडत नाही, कोर्टाची पायरी तर मुळीच चढत नाही.

"दादा, मुदत निघून जाईल!"

"कोर्टातल्या साहेबाला सांगू, गावात जत्रा व्हती. त्याला काय देव न्हाई?"

मी चरफडलो. अर्जावर सही त्याचीच लागणार होती, नाहीतर मी एकट्यानेच खेडचं कोर्ट गाठलं असतं. जत्राभर मला ना कुस्त्या गोड लागल्या ना जेवण. पालखी निघाली तेव्हा दादा आणि निवडून आलेला गडी एकाच दांड्याला खांदा देऊन चालत होते. "भाऊ, दमानं, उतार हाय," तो दादाला सांगत होता. मला दोघांचाही संताप आला.

जत्रा उरकल्यावर आम्ही खेडला गेलो. वकिलाने निकालाची तारीख विचारली आणि कागद परत दिले. दादाने जत्रेचं सांगितलं. वकील बिचारा हळहळला.

"कायदा जत्रेसाठी थांबत नाही हो. आधी का नाही आलात?"

दादाने कागद घडी करून पिशवीत घातले. परतीच्या वाटेवर मी नाही नाही ते बोललो, त्याने सगळं ऐकून घेतलं.

घरी वहिनीने ताटं वाढली. दादाने झालं ते सांगितलं आणि वर म्हणाला, "देवाच्या दिसांत भांडलो न्हाई, येवढं तरी झालं."

"तुमचं आन् देवाचं जमलं," वहिनी म्हणाली. "वड्यावर पाण्याला मलाच जायाचंय."

दादाने हातातला घास ताटात ठेवला आणि तो उठून बाहेर गेला.