लांब नाकाची पारख

कन्नड तालुक्याकडचा एक मेंढपाळ अजूनही हिवाळ्यात आमच्या मागच्या मैदानात मेंढरं बसवतो आणि माणसांना कुत्र्याच्या मापानं जोखतो. छाती खोल हवी, कंबर बारीक, फासळ्या मोजता याव्यात. मी नवी सून असताना म्हणाला, "वैनी, नाक लई लांब हाय तुमचं. झ्याक." आठवडाभर मी आरशापुढून हलले नाही. तो मला त्याच्या कुत्रीशी ताडून बघतोय, हे माझ्यासारख्या शहाणीला कळलं नाही.

कुत्री कारवानी जातीची. "हिचं खानदान व्यापाऱ्यांच्या उंटांसंगं इराणाकडून आलं," तो अदबीनं सांगायचा, "आपण यष्टीनं आलो."

एकदा ती उडत्या पिशवीमागं जी सुटली, ती थेट जालना रोडच्या ट्रकांकडं. हाका मारून उपयोग नव्हता. ही जात पळताना फक्त हलणारं तेवढं बघते. त्याचा पाय मुरगळलेला.

"वैनी, तिला दिसंल असं आडवं पळा. मंग घराकडं वळा."

"आमच्या घरातल्या बायका पळत नाहीत," मी ठसक्यात म्हणाले.

"मरंल ओ ती."

त्याचा आवाज ऐकला आणि मी पळाले. फडफडता पदर दिसताच कुत्रीनं पिशवी सोडली, मला गाठलं, मागं टाकलं आणि अंगणात जाऊन माझी वाट बघत बसली.

तिथंच सासूबाई उभ्या होत्या. तो लंगडत आला. आधी कुत्रीच्या छातीवर हात ठेवला, मग माझी धाप निरखली.

"माय," तो सासूबाईंना म्हणाला, "सून जातिवंत हाय. बांधून ठिवू नका."