नमुन्याची पाठ

घड्याळबाजारात त्यांना सगळे भिंगवाले म्हणतात. जुन्या घड्याळाची डायल कारखान्यातून निघाली तशीच आहे की मागाहून कुणी रंगवलेली, एवढंच ते सांगतात. अक्षरांच्या कडा फिसकटल्यात का, सेकंदाचं छोटं वर्तुळ सहाच्या आकड्याला कुठे कापतं, हे भिंगातून बघायचं आणि निवाडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ती चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बायको म्हणते, "लग्नात यांनी माझ्यातही खोट काढली असणार. चिठ्ठी दिली नाही, एवढंच."

हे काम त्यांना मामाने शिकवलं. पस्तीस वर्षांपूर्वी भाचा स्वतःच्या दुकानात बसला, त्या दिवशी मामाने त्याच्या हातावर एक घड्याळ ठेवलं. "याला कुणाचा हात लागलेला नाही. नजर यावर बसव. उघडू मात्र नकोस, धूळ शिरेल." तेव्हापासून ते खणात मऊ फडक्यात असतं. त्या जातीचं दुसरं कुठलंही घड्याळ आलं की आधी हा नमुना बाहेर निघतो.

गेल्या आठवड्यात एक बसड्रायव्हर वडिलांचं घड्याळ घेऊन आला. त्याच जातीचं. थोरला भाऊ म्हणत होता, खरी डायल धाकट्याने विकून खाल्ली आणि रंगवलेली बसवली. भिंगवाल्यांनी घड्याळ उघडलं. डायलची पाठ कोरी होती, पण समोर सहाचा आकडा अर्धाच दिसत होता. नमुन्यात तो जवळपास पूर्ण. त्यांनी लिहून दिलं : रंगवलेली.

दोन दिवसांनी ड्रायव्हर तेच घड्याळ घेऊन परत आला.

"काका, दादाने तुमची चिठ्ठी सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवली. चोर ठरलो मी. तुम्ही कशावरून म्हणालात?"

"या नमुन्यावरून."

"माझ्या डायलची पाठ बघितलीत. याची बघितली का कधी?"

ते चिडले. मग त्यांनी नमुन्याचं झाकण उघडलं, काटे उतरवले आणि चिमट्याने डायल पालथी केली.

रंगवणारा कारागीर डायल साच्यात सरळ बसावी म्हणून कडेला कानशीने बारीक खाच पाडतो आणि पाठीवर सुईने आपला नंबर कोरतो. इथे खाच होती. नंबरही होता. त्यातल्या साताची शेपटी गळासारखी वर वळलेली होती. तसा सात त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या हातचा पाहिला होता.

ड्रायव्हरला दुकानात बसवून ते दोन गल्ल्या पलीकडे मामाकडे गेले. मामा खिडकीशी शेंगा सोलत होता. हात थरथरतात, पण शेंग वाया जात नाही. भाच्याने डायल त्याच्यापुढे पालथी ठेवली.

"उघडलंस शेवटी," मामा म्हणाला.

"हे काम तुमचं?"

"माझंच. म्हटलं, महिन्याभरात ओळखतो का बघू. तू ओळखलं नाहीस. वर चारचौघांत माझ्या नमुन्याचे गोडवे गायला लागलास. मग सांगायला तोंड कुठे होतं?"

"पस्तीस वर्षं, मामा! या जातीच्या किती चांगल्या डायली मी रंगवलेल्या ठरवल्या असतील!"

मामाने शेंग फोडली. "तुझ्यासारख्याला पस्तीस वर्षं कळलं नाही, म्हणजे काम झकासच झालं होतं की."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. भाच्याला वाटलं होतं, म्हातारा निदान मान तरी खाली घालेल. त्यांनी डायल उचलली आणि पाया न पडताच ते बाहेर पडले. असं पहिल्यांदाच झालं.

दुकानात येऊन त्यांनी ड्रायव्हरची डायल पुन्हा भिंगाखाली धरली; या वेळी शेजारी काही न ठेवता. अक्षरांच्या कडा स्वच्छ, छपाई उठावदार, कडेला कुठे खाच नाही. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली : डायल मूळची. आधीचा निवाडा चुकीचा.

ड्रायव्हरने ती दोनदा वाचली. "दादाला पटेल?"

"चिठ्ठी माझी आहे. पटेल."

"परवाचीही तुमचीच होती, काका."

भिंगवाल्यांनी मामाची डायल फडक्यात गुंडाळून खिशात टाकली, भिंग घेतलं आणि भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं.

"चल. भावाचं घर दाखव. चिठ्ठी राहू दे, दोन्ही डायली त्यालाच भिंगातून बघू दे."