उपाशी सवार

लग्न होऊन मी पाटणच्या बाजूला सासरी आले तेव्हा त्या घरात माणसं दोन आणि घोडी एक, एवढाच पसारा होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी फौजेतून, घोड्यांच्या पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे मालक. घरात सगळ्यात जास्त मान कुणाला, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. पाण्याचा हंडा मी जरा आपटून ठेवला, तर मामंजी सोप्यातून हळूच म्हणाले, "पोरी, दमानं. घोडी निजलीया."

माझ्या पलूसकडच्या माहेरी बैलांचं कौतुक होतं, म्हशींचं होतं. पण जनावराचा डोळा लागला म्हणून माणसांनी कुजबुजत बोलावं, हे मी नव्यानंच बघत होते. घोडीला पहाटे भिजवलेले हरभरे आणि वर गुळाचा खडा. दुपारी निवडलेलं गवत. दौडून आली की लगेच पाणी द्यायचं नाही. आधी घाम वाळू द्यायचा, अंग चोळायचं, मग बादली पुढं धरायची. आमच्याकडं जनावराला पाणी पाजत नाहीत, दाखवतात. त्याला हवं तेवढं ते पितं. मामंजी येता-जाता विचारायचे, "पाणी दावलं का?" हा प्रश्न त्या घरात मी एवढ्या वेळा ऐकला की मला तो झोपेतसुद्धा ऐकू यायचा. माणसाबद्दल मात्र तो कुणी विचारल्याचं आठवत नाही.

मालक घोडीवर बसले की बघत राहावं. जमिनीवर ते तसे बुजरेच होते. चार बायकांत मला हाक मारायची तर यांचे कान लाल व्हायचे. पण एकदा मांड टाकली की हा माणूस वेगळाच. सकाळी दूध-भाकरी खाऊन, ताकाचा तांब्या रिकामा करून ते कोयनेकाठच्या माळावर जायचे. माळाच्या मध्ये एक ओढा होता, उन्हाळ्यात कोरडा पडलेला, दोन्ही काठांना दगड. त्याच्यावरून घोडी अशी जायची की खाली ओढा आहे हे तिच्या गावीही नसायचं. मी एकदा विचारलं, "आवं, तुमाला भ्या कसं वाटत न्हाई?"

ते हसले. म्हणाले, "वड्याच्या अलीकडं घोडी मला इचारती, जायाचं का? मी मांडीनंच सांगतो, जायाचं. तिला एवढंच पायजे असतं."

चैत्रात गावची जत्रा. दुसऱ्या दिवशी माळावर घोड्यांची शर्यत, आणि त्यात पहिल्या घोड्याचा मान आमच्या घराचा. मानाबरोबर रीत आलीच. आमच्या सवारानं आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून अन्नपाणी सोडायचं. रात्रभर देवाच्या छबिन्यापुढं, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीपुढं, अनवाणी चालायचं, पाठ टेकायची नाही. उजाडल्यावर तसंच घोड्यावर बसायचं, आणि माळाच्या टोकाला रोवलेल्या निशाणाला हात लावल्यावरच तोंडात पाणी घ्यायचं. शर्यत सुरू व्हायला दुपार व्हायची, कारण पुढारी वेळेवर येतील तर ते पुढारी कसले. त्या सगळ्या वेळात घोडी मात्र गोठ्यात सावलीला उभी असायची. अंगावर ओली झूल, पुढं गवत, कान टवकारलेले. तिच्या झोपेला धक्का लागू नये म्हणून छबिन्याचे ढोलसुद्धा आमच्या घराजवळ आले की हळू वाजायचे.

माझ्या लग्नानंतरची पहिली जत्रा. मी बायकांच्या घोळक्यात माळाच्या कडेला उभी होते, नवी हिरवी साडी नेसून. मनात फुशारकी होतीच, खोटं कशाला बोलू. घोडी सुटली ती सगळ्यांच्या पुढं. आणि ओढ्याच्या अलीकडं यांनी लगाम खेचला. घोडी मागच्या पायांवर उठली, फिरली आणि थांबली. बाकीचे घोडे धूळ उडवत निघून गेले. लोक हसले.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, "वडा हालाय लागला, गं. डोळ्यांपुढं काळं आलं. हातात लगाम हाय का न्हाई, ते बी कळंना. घोडीनं इचारलं, आन मला काय सांगायचं ते सुचंना." मग ते म्हणाले, "मी भ्यालो."

गावानं त्याचं कारण लगेच शोधून काढलं. कारण म्हणजे मी. लग्न झालं आणि गडी मऊ पडला. बायकोनं खाऊ घालून जड केला. पाणवठ्यावर माझ्याकडं बघून बायका पदराआड हसायच्या. माझा असा संताप व्हायचा की घागर तिथंच टाकावी आणि एकेकीला धरावी. पण नवी नवरी, बोलणार कुणाला? आणि गावाचं सोडा, मामंजींनाही तेच पटलं. ते मला काही बोलले नाहीत. स्वभावानं फार सालस माणूस होता तो, मला कधी अगं-तुगंच्या वर शब्द नाही. पण पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली तशी त्यांनी मुलाची एक वेळची भाकरी बंद केली. सवार हलका पाहिजे. आणि घोडीला अंगाचा वास पाठ व्हावा म्हणून त्याचं अंथरूण गोठ्यात नेलं.

गोठ्यात कुठली झोप? घोडी रात्रभर पाय आपटणार, डास फोडून खाणार. सकाळी हे उठायचे ते डोळे तांबडे घेऊन. माळावर जायचे आणि लवकर परत यायचे. हळूहळू मला दिसायला लागलं की ज्या ओढ्याची त्यांना कधी पर्वा नव्हती त्याच्या अलीकडं ते घोडी नुसती चालवतात. मग तर झुडपातून तितर उडाला तरी दचकायला लागले. माझ्यावर विनाकारण खेकसायचे, नंतर येऊन गप्प बसायचे. घोडीलाही ते कळत होतं. पूर्वी लगाम सैल सोडला तरी सरळ जाणारी ती, आता यांच्याखाली मान झटकत राहायची. मामंजी म्हणायचे, "मन खंबीर न्हाई रं तुजं." आणि मन खंबीर व्हावं म्हणून त्यांनी ताकही बंद केलं.

जत्रेच्या सकाळी छबिना देवळात परतला तेव्हा मी गोठ्यामागं उभी राहिले होते. तांब्यात लिंबू, गूळ आणि चिमटीभर मीठ घातलेलं पाणी होतं. ते आले ते भिंतीला हात लावत आले. ओठ पांढरे पडलेले, पायांना फोड. मी तांब्या पुढं केला. म्हणाले, "काय गं हे?"

"घ्या. कुणी बघत न्हाई."

त्यांनी तांब्या हातात घेतला. तोंडाजवळ नेला, वास घेतला. आता पितील असं वाटून माझा जीव भांड्यात पडत होता. पण त्यांनी तो तसाच माझ्या हातात परत दिला. "आबांनी इचारलं तर मला खोटं बोलाय यायचं न्हाई," म्हणाले. आबा म्हणजे मामंजी. मग घोडीच्या मानेवर थोपटून विचारलं, "हिला पाणी दावलं का?"

दावलं होतं. चांगलं बादलीभर प्यायली होती.

त्या दिवशी त्यांनी लगाम खेचला नाही. तेवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, मरू पण खेचायचा नाही. घोडी ओढ्यापाशी आली, आणि मला लांबूनही दिसलं की तिच्या पाठीवरचा माणूस एका बाजूला कलतोय. पोतं घसरावं तसे ते पडले. उडी तिनं एकटीनंच मारली. मी पळत गेले, साडी फाटली, चप्पल कुठं गेली कळलं नाही. दगडांत ते पडले होते आणि पाय नको तिकडं वळला होता.

ट्रकमध्ये गवत पसरून त्यांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते. पाय बघून झाला, मग त्यांनी यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी मामंजींकडं न बघता मला विचारलं, "यांनी पाणी कधी प्यायलंय?"

लग्न झाल्यापासून माणसाबद्दल तो प्रश्न विचारणारं पहिलं तोंड मी तिथं बघितलं. मला रडूच फुटलं. मी सगळं सांगितलं, गोठ्यासकट, बंद केलेल्या ताकासकट. ते म्हणाले, "बाई, उपाशी, तहानलेला आणि न झोपलेला माणूस जिन्यावरूनही धड उतरत नाही. त्याला धडकी भरते, हातपाय कापतात. ती भीती मनाची नसते, शरीर ओरडत असतं. तुम्ही त्याला घोड्यावर बसवलं?"

मामंजी तेव्हा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले होते. त्यांनी किती ऐकलं, देव जाणे.

पाय जुळला, पण आखूड राहिला. मी डॉक्टरांचं बोलणं शब्दाशब्दानं यांना सांगितलं. मला वाटलं होतं, तोंडावर उजेड येईल. हा माणूस भ्याला नव्हता, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं ना? त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणाले, "आबांम्होरं असलं काय बोलू नगंस. मी भ्यालो म्हणून पडलो. इषय मिटला."

शेतीची कामं आता जमणार नव्हती. माझ्या भावानं सांगलीत हळदीच्या अडतीवर त्यांना कामाला लावलं आणि आम्ही तिथं एका खोलीत बिऱ्हाड केलं. घोडी मामंजींनी दुसऱ्या गावच्या एका शौकिनाला देऊन टाकली. यांच्या अंगाला पूर्वी घोडीचा वास यायचा, आता हळदीचा. अडतीवर कुणी लंगडण्याबद्दल विचारलं की ते हसून सांगायचे, "घोड्यावरनं पडलो. भित्रा हाय मी." लोकही हसायचे. ते माझ्या कानावर यायचं. ते घरी आल्यावर मी भांडायची, "कशाला सांगता असं?" ते जेवायला वाढ म्हणायचे.

पुढं एका चैत्रात मामंजी सांगलीला आले. जत्रा होऊन गेली होती. घराचा मान त्यांनी सोडून दिला होता, तेच सांगायला आले होते. फार वाळले होते. मी दोघांना जेवायला वाढलं, आणि वाढता वाढता इतकी वर्षं गिळलेलं तोंडातून निघालंच. "मामंजी, फौजेत तुमी उपाशी बसायचा का घोड्यावर?"

त्यांचा हात ताटात थांबला. मग म्हणाले, "न्हाई. न्याहारी केल्याबिगर खोगिराला हात लावू देत नव्हते. पाण्याची बाटली कमरंला हाय का, ते रोज बघायचे. झोप झाली न्हाई तर त्या दिशी घोडा मिळायचा न्हाई." त्यांनी ताट पुढं सारलं. "मला म्हाईत हुतं, पोरी. वाटलं, ती सरकारची चाकरी, हे देवाचं काम. देव सांभाळंल."

मग मुलाकडं वळून म्हणाले, "तू भ्याला नव्हतास रं. मीच तुला उपाशी ठिवला."

मी वाढायचं सोडून उभी. एवढी वर्षं मला हेच वाक्य हवं होतं, आणि मामंजींच्याच तोंडून हवं होतं. आता हे रडतील, चिडतील, ताट भिरकावतील, काहीही करतील. पण हा डाग एकदाचा पुसून जाईल असं मला वाटलं. यांनी बापाचं रिकामं फुलपात्र उचललं, तांब्यातून भरलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. "आबा, उन्हातनं आलायसा. पाणी प्या आधी," म्हणाले. "आन तसं काय न्हाई. मी भ्यालोच हुतो."

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. पाणी मात्र प्यायला.

रागानं मी त्या दिवशी जेवले नाही. पुढं समजलं, त्यांनी बापाला वाचवलं होतं. बाप चुकला असं म्हणण्यापेक्षा आपण भित्रे ठरलेलं त्यांना सोपं वाटलं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. मामंजी आहेत तोवर चालू दे.

मामंजी गेले. दिवस झाले, वर्ष झालं. आता स्वतःला भित्रा म्हणवून कुणाला जपायचं उरलं नव्हतं. अडतीवरून सुटल्यावर हे कृष्णेच्या घाटाकडून घरी यायचे. वाटेत टांग्यांचा अड्डा होता. तिथं एका म्हाताऱ्या टांगेवाल्याचा पांढरा घोडा यांना ओळखायचा. हे लांबूनच विचारायचे, "पाणी दावलं का?" आणि नसलं दावलं तर स्वतः बादली भरून आणायचे, तो पिईपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. एकदा भाजी घेऊन परतताना मी मागून येत होते, त्यांना ते माहीत नव्हतं. टांगेवाला म्हणाला, "रोज एवढं करताय, पाय दुखतोय, बसा की टांग्यात. घरापातूर सोडतो."

ते दोन पावलं मागं सरकले. घोड्याच्या मानेवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"नगं गड्या," ते म्हणाले. "मला भ्या वाटतं."