नववी घंटा घेऊन सिरोंच्याला

"जंगलातून? एकटी? आणि घंटा घेऊन?" आईच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं.

माझे वडील नागपुरातले ओतारी, घंटा ओतण्यात नावाजलेले. साचा पायावर पडून ते महिनाभर खाटेवर होते, आणि सिरोंच्याच्या मिशन दवाखान्यासाठी ओतलेली घंटा तयार होऊन कोपऱ्यात बसली होती. मी म्हटलं, मी नेते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते, नाताळची सुट्टी होती, आणि त्या घंटेचा सूर कानस मारमारून मीच जुळवला होता. ती तिथं कशी वाजते ते ऐकल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणायचे. आता तुम्ही सकाळी निघून संध्याकाळी सिरोंच्याला पोचता, मला तीन दिवस लागले.

आधी घंटेचं प्रकरण सांगते. दवाखान्याच्या आवारात, नदीच्या बाजूला, कुण्या जुन्या साहेबानं आणवलेल्या आठ घंटा सागवानी चौकटीत टांगलेल्या होत्या. प्रत्येक घंटेची तार खाली एका लाकडी दांड्याला बांधलेली. दांड्यावर मूठ मारली की वर टोला पडायचा. म्हणजे आपली पेटीच, फक्त पट्ट्यांच्या जागी दांडे. नव्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं होतं की परदेशात मनोऱ्यांत अशा चाळीस-पन्नास घंटा असतात, चार-चार सप्तकं, मग वाटेल ते वाजवा. तेवीस घंटा असल्या तरी बरंच काही निघतं. इथं मात्र आठच, सा ते वरचा सा, सगळे शुद्ध. रोज सकाळी नावाड्यांचं एक गाणं त्यांवर वाजायचं आणि त्या गाण्यात कोमल निषाद होता. तो यायचा तिथं नुसतं भोक पडायचं. "गाणं लंगडतंय, एक घंटा ओतून द्या," असं डॉक्टरांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं. लहान पेटीवर मोठं पद मुडपून वाजवताना जीव कसा कासावीस होतो, हे पेटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी रेल्वेनं चांदा. स्टेशनाबाहेर सांबारवडी खाल्ली. गरम, तिखट, आत कोथिंबीर ठासून. तुम्हीही खा, पण पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस. घंटा घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. तासाभरानं शेजारच्या बाईला राहवेना.

"काऊन वं बाई, तुहं लेकरू रडत नाई काई नाई. तब्येत बरी हाय ना त्याची?"

मी काही सांगणार, तोच बस खड्ड्यात आदळली आणि मांडीवर ठण्णकन टोला पडला. बाई किंचाळली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी घोंगडी उघडून दाखवली तेव्हा तिनं आधी कपाळावर हात मारला आणि मग घंटेला नमस्कार केला. त्यानंतर जो चढेल त्याला ती सांगायची, "घंटा हाय, लेकरू नोहे." आष्टीला वैनगंगा नावेनं ओलांडताना तिनं घंटा स्वतःच्या मांडीवर घेतली. मला तेवढाच आराम. अल्लापल्लीला सागाच्या लाकडांच्या ढिगांमागे मुक्काम केला, भात आणि अंबाडीची भाजी जेवले. आणखी काही मिळत नव्हतं आणि लागतही नव्हतं.

तिसरा दिवस निव्वळ जंगल. इतका साग मी आयुष्यात पाहिला नव्हता. दुपारी सिरोंचा आला, आणि कानावर तेलुगू पडायला लागली.

घंटा वाजवणाऱ्याचं नाव राजन्ना. साठीचा, बारीक, मुठींना घट्टे. गेली कित्येक वर्षं तो एकटाच दांडे मारत होता. सुतारानं नवी घंटा टांगली, नववा दांडा बसवला. मी एकदा वाजवून पाहिली. सूर असा गोड लागला की डॉक्टरांनी टाळीच वाजवली.  राजन्ना चौकट पुसता पुसता एवढंच म्हणाला, "बाई, ते जागा खाली हाय तं खालीच राहू द्या ना."

"अहो, पण गाणं पूर्ण नको का व्हायला?" मी म्हटलं.

"गाणं पुरंच हाय."

मला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाला सवय सुटत नाही, असं मी मनात म्हटलं. काऊन म्हणून मी विचारलं नाही, डॉक्टरांनीही नाही. आपल्याला गाण्यातलं कळतं, या घमेंडीत दोघंही. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी पहिल्यांदा तुम्हीच वाजवा." राजन्नानं मान हलवली आणि गेला. रात्री चिंचेतली मासळी होती, मी दोनदा भात घेतला.

सकाळी बाहेर आले तर नदीच नव्हती! धुकं असं दाट की आवाराच्या कुंपणापलीकडे काही दिसेना. राजन्ना खाली घाटावर उभा होता. पलीकडच्या काठावरून सकाळची नाव निघालेली, नावाडी मल्लय्या, आणि आत दवाखान्यात येणारे आजारी लोक. राजन्नाची लेक लक्ष्मीही त्याच नावेत होती, सासरहून बाळंतपणाला येत होती. हे मला डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, छान, तिच्या स्वागताला गाणं पहिल्यांदा अख्खं वाजेल.

मी सुरू केलं. कोमल निषाद आला, नववा दांडा मारला. अंगावर काटा आला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तो सूर. तिसऱ्यांदा वाजवणार तोच राजन्ना घाट चढून धावत आला. धोतर वर खोचलेलं, तोंड पांढरंफटक.

"थांबवा! बाई, थांबवा ते!"

मला वाटलं रागावला. मी दांड्यावर मूठ मारली ती मारलीच. त्यानं सरळ चौकटीवर चढून हलती घंटा दोन्ही हातांनी गच्च धरली.

"मले ऐकू येऊन नाई राह्यलं! मल्लय्या कुठी हाय तेच समजून नाई राह्यलं!"

मग डॉक्टरांना त्यानं धापा टाकत सगळं सांगितलं, आणि मी दांड्यांपासून बाजूला झाले. ती रिकामी जागा मल्लय्याची होती. धुक्यात घंटांच्या आवाजावर नाव यायची, आणि गाणं त्या जागी थांबलं की मल्लय्या नावेच्या काठावर वल्हं आपटायचा. एकदा, ठक्क. तो आवाज कुठून आला त्यावरून राजन्नाला कळायचं नाव कुठं आहे. खडकांच्या बाजूला गेली असेल तर तो सगळ्यात जड घंटेचा एक टोला द्यायचा आणि मल्लय्या नाव वळवायचा. आठच घंटा होत्या म्हणून त्या जागी सूर नव्हता. सूर नव्हता म्हणून तिथं माणसाला बोलायला जागा होती. आणि मी ती जागा तीन दिवस मांडीवर सांभाळून आणलेल्या घंटेनं बुजवून टाकली होती.

राजन्नानं दांडे मारायला घेतले.  पा, ध, आणि थांबला.

काही नाही.

 मी लक्ष्मीला, तिच्या पोटातल्या बाळाला, सगळ्यांना बुडवलं असंच मला वाटत होतं. मी मोठ्यानं रडायला लागले, तर राजन्ना ओरडला, "चूप बसा!"

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा थांबला.

ठक्क.

अगदी बारीक, आणि भलत्याच बाजूनं. राजन्नानं जड घंटा मारली. आम्ही वाट पाहिली. पुन्हा गाणं, पुन्हा ठक्क, जरा अलीकडून. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. शेवटी धुक्यातून नावेचं नाक दिसलं. मल्लय्या घाटावर उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "काऊन रे राजन्ना, आज मले बोलूच नाई देल्लं!" लक्ष्मी पोट सांभाळत उतरली. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच खाली बसला.

मी त्याची माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही, मला कळलं नाही. दुपारी तो सुताराला घेऊन आला आणि नववी घंटा उतरवली. मी म्हटलं, मी परत नेते. तो म्हणाला, "काऊन? घंटा चांगली हाय. जागा चुकली फक्त." ती त्यानं खांद्यावर घेतली आणि घाटाकडे चालायला लागला.

दुसऱ्या सकाळीही धुकं होतं. मल्लय्या पलीकडून निघाला होता. राजन्नानं दांडे मारले, पा, ध, आणि थांबला. मी नदीकडे कान लावून उभी. आणि नदीच्या मधून, त्या पांढऱ्या धुक्यातून, माझा कोमल निषाद आला. गाणं पूर्ण झालं. राजन्नानं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसला.

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात सकाळी लवकर नदीवर जा, आणि कुठं काही अपुरं दिसलं तर आधी विचारा.

घरी आले तेव्हा वडील काठी टेकत दारापर्यंत आले होते. "सूर जुळला का?" मी सगळं सांगितलं. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "नावेवर टांगायची म्हणून आधी सांगितलं असतं तर कडी जाड केली असती."

ते गाणं मी पुढे शाळेत पेटीवर शिकवायचे. माझ्या पेटीला तीन सप्तकं, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या जागच्या जागी. तरी त्या जागी माझं बोट उचललेलंच राहायचं. मुली हसायच्या, "बाई, सूर खाल्लात!" आता बोटं वाकली आहेत, पेटी कमीच निघते. निघाली की मी अजूनही तिथं थांबते. लक्ष्मी कुठपर्यंत आली, ते ऐकायला.